घोड्याला ओझं न होता

एका बाईंनी मला विचारलंय: ‘माझं वय 41, राहते पुण्यात. लहानपणापासून घोड्यांचं वेड आहे, पण शिकायचं राहूनच गेलं. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताला ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात सुवर्ण मिळालं, तेव्हापासून पुन्हा मनात घोळतंय. या वयात जमेल का? सुरुवात कुठून करू? आणि एक टोचणीही आहे. घोड्याला असं नाचवणं हा त्याचा छळ तर नाही ना?’

ताई, टोचणी तुम्ही शेवटी लिहिलीत, मी तिच्यापासूनच सुरुवात करते. ज्याला हा प्रश्न पडतच नाही, त्याला घोड्यावर बसवताना माझं मन कचरतं.

माझं माहेर फलटण तालुक्यातलं. ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंद सोडून तरडगावाकडे निघाली की वाटेत चांदोबाचा लिंब लागतो आणि तिथे वारीतलं पहिलं उभं रिंगण होतं. मी सहा-सात वर्षांची असेन, वडिलांच्या खांद्यावर बसून ते पाहिलं. अश्व दोन असतात, अंकलीच्या शितोळे सरकारांकडून आलेले. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसरा माउलींचा अश्व, त्याच्यावर माणूस बसत नाही. दिंड्यांच्या दोन रांगांमधून दोघे सुटले, टाळ-मृदंगाचा गजर टिपेला गेला, आणि मी ओरडले, ‘तो बघा, रिकामाच पळतोय!’ आजीनं खालून माझा पाय दाबला. म्हणाली, ‘रिकामा म्हणू नये बाळा. माउली बसलेत त्याच्यावर.’ मग टापांखालची माती तिनं माझ्या कपाळाला लावली.

घोड्याकडे बघायला शिकायला मला पुढे पुष्कळ वर्षं लागली, पण त्या दिवशी जे पाहिलं ते डोळ्यांपुढून गेलं नाही. स्वार चांगलाच होता. तरीही त्याच्या घोड्याच्या पाठीवर वजन होतं, तोंडात लगाम होता, आणि त्या दोन्ही गोष्टी त्याच्या धावण्यात दिसत होत्या. माउलींचा अश्व पाठ मोकळी सोडून, मान लांब करून असा झेपावला की जमीनच त्याला वर उचलून देतेय असं वाटावं. पाठीवर माउली होते आणि त्यांचं त्याला ओझं होत नव्हतं. ड्रेसाज म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मला तो अश्व आठवतो. पाठीवर माणूस असतानाही घोड्यानं आपल्या मूळच्या डौलात चालावं, यासाठी माणसानं आणि घोड्यानं मिळून वर्षानुवर्षं केलेली मेहनत, एवढाच त्याचा अर्थ. शब्द फ्रेंच आहे, त्याचा अर्थही नाचवणं असा नसून शिकवणं, तयार करणं असा आहे.

ही मेहनत लागते कारण घोड्याची पाठ मुळात माणूस बसवायला झालेलीच नाही. साडेचारशे-पाचशे किलोचं ते जनावर नुसतं उभं असतं तेव्हाही वजनातला साधारण 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो. त्यात आपण खोगिरासकट सत्तर-ऐंशी किलो घेऊन जवळजवळ त्याच्या खांद्यामागेच बसतो. न शिकवलेला घोडा मग पाठ खाली टाकतो, मान वर ताणतो आणि आखडती पावलं टाकत पुढच्या पायांवर धावत सुटतो. असंच चालू राहिलं की पाठ दुखायला लागते आणि पुढच्या पायांच्या कंडरा, सांधे कुरकुरू लागतात. वीस मीटरचं वर्तुळ, चालीतले बदल, खांदे किंचित आत घेऊन तिरकं चालणं, असा जो व्यायाम आम्ही घेतो, त्यातून घोडा हळूहळू मागचे पाय पोटाखाली घ्यायला आणि पाठ उचलायला शिकतो. खांदे आत घेऊन चालण्याला शोल्डर-इन म्हणतात. ला गेरिनिएर या फ्रेंच गुरूनं 1733 च्या आपल्या ग्रंथात ते सविस्तर मांडलं, आणि आजही पाठ आखडलेल्या घोड्याला माझं पहिलं औषध तेच असतं. तुम्ही टीव्हीवर पाहिलेलं जागच्या जागी दुडकणं, म्हणजे पिआफ, ही त्याच व्यायामाची अगदी शेवटची पायरी. मोकळ्या कुरणात उत्तेजित झालेलं शिंगरू तीच हालचाल कुणी न शिकवता करतं.

संगीतावर घोडा नाचतो हाही डोळ्यांना होणारा भास आहे. फ्रीस्टाइलमध्ये, म्हणजे संगीतावरच्या स्पर्धेत, आधी घोड्याच्या टापांचा वेग मोजतात, मग त्याला जुळेल असं संगीत बांधतात. घोडा आपल्या लयीत चालतो, वाद्यं त्याच्या मागून येतात. वरातीतल्या नाचणाऱ्या घोडीशी लोक याची तुलना करतात. त्या घोड्या बघताना मला नेहमी तोंडाकडे आणि शेपटीकडे बघावंसं वाटतं. शेपूट सारखी फटकारतेय, जबडा आवळलेला आहे, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, तर ती भीतीनं पाय उचलतेय.

हेच निकष ड्रेसाजलाही लावायचे, आणि लावले की आमच्या खेळातलंही सगळं काही चांगलं दिसत नाही, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. घोड्याची हनुवटी छातीला टेकेल इतकी मान जबरदस्तीनं वळवायची पद्धत युरोपात बरीच पसरली होती. 2010 मध्ये आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाला ती निषिद्ध ठरवावी लागली. 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या तोंडावर एका नामवंत स्वाराला घोड्याला वारंवार चाबूक मारतानाच्या चित्रफितीमुळे माघार घ्यावी लागली. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीसमधल्या झेनोफननं लिहून ठेवलंय की बळजबरीनं करून घेतलेलं घोडा समजून करत नाही, आणि चाबकाखाली नाचणाऱ्या नर्तकाइतकंच ते कुरूप दिसतं. हे इतकं जुनं शहाणपण हाताशी असूनही पदकाच्या घाईत माणसं ते बाजूला सारतात, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हा तुमची टोचणी जपा. ती बोथट झाली तर घोड्यावरून उतरा.

हे सगळं परदेशी आहे, आपला काय संबंध, असंही मला काही जण ऐकवतात. अमरकोश उघडून बघा. घोड्याच्या पाच गती तिथे नावानिशी दिल्यात: आस्कंदित, धौरितक, रेचित, वल्गित, प्लुत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात घोड्याला शिकवायच्या चालींची वर्गवारी आहे. ज्या लोकांनी चालीला इतकी नावं दिली त्यांनी चाल किती बारकाईनं पाहिली असेल! आपल्या मराठीतही दुडकी आहे, रवाळ आहे, चौखूर आहे. आणि ‘मांड’, म्हणजे घोड्यावरची पक्की बैठक, या शब्दाला तर मला अजून दुसऱ्या कोणत्या भाषेत जोड सापडलेली नाही.

आता वयाचं. होकेत्सु हिरोशी हे जपानी स्वार 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजमध्ये उतरले तेव्हा 71 वर्षांचे होते. त्यांचं पहिलं ऑलिंपिक 1964 चं. त्याहून मला जवळची वाटते ती डेन्मार्कची लिस हार्टेल. 1944 मध्ये तिला पोलिओ झाला आणि गुडघ्यांखालचे पाय निकामी झाले. ऑलिंपिक ड्रेसाज तोवर फक्त लष्करी अधिकाऱ्यांसाठी होतं. 1952 मध्ये हेलसिंकीत ते नागरिकांना आणि स्त्रियांना खुलं झालं, आणि त्याच वर्षी हार्टेलनं पुरुषांच्या बरोबरीनं खेळून रौप्यपदक मिळवलं. घोड्यावर चढायला-उतरायला तिला मदत लागायची. टाच मारायला ज्यांच्या पायांत बळ नव्हतं त्या बाईंनी जगातला दुसरा क्रमांक मिळवला, तो पाठीच्या आणि बैठकीच्या इशाऱ्यांवर. म्हणून ‘या वयात ताकद पुरेल का’ ही काळजी सोडा. या खेळात स्त्री-पुरुष आजही एकाच यादीत असतात. आणि तुम्ही उल्लेख केलेलं हांगझोऊचं सुवर्णसुद्धा दिल्लीच्या 1982 च्या आशियाई स्पर्धेनंतर अश्वारोहणात भारताला मिळालेलं पहिलं, म्हणजे तुमच्या वयाइतक्याच वर्षांनी आलेलं. सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, अनुष अगरवाला आणि आपल्या मुंबईचा हृदय छेडा हा तो संघ. पुढे अनुष पॅरिस ऑलिंपिकला ड्रेसाज खेळणारा पहिला भारतीय ठरला.

चाळिशीत अडचण येते ती वेगळीच, आणि ती शरीराच्या सवयींची असते. इतकी वर्षं खुर्चीत बसून कंबर आखडलेली असते, पर्स एकाच खांद्याला अडकवून एक बाजू उंच झालेली असते. पडण्याची भीतीही असते, कारण घरी आपल्यावर अवलंबून असलेली माणसं असतात. लहान मुलं भीत नाहीत म्हणून लवकर शिकतात असं म्हणतात, पण माझा अनुभव असा की मोठी माणसं जास्त ऐकतात, जास्त विचार करतात आणि घोड्यावर कमी रागावतात. पडण्याची भीती बाळगा, तिच्यामुळे हेल्मेट न विसरता घातलं जातं.

सुरुवात कुठून, तर लंजपासून. प्रशिक्षक मध्ये उभा राहून लांब दोरीवर घोडा वर्तुळात फिरवतो आणि तुम्ही वर बसता, हातात लगाम नाही. माझे गुरू घोडदळातून निवृत्त झालेले रिसालदार साहेब होते. त्यांनी मला पहिले चार महिने लगामाला हात लावू दिला नाही. रिकिबीसुद्धा काढून घेतल्या होत्या. मी रोज मनातून खट्टू व्हायचे. बरोबरच्या मुली रपेटीला जायच्या आणि मी गोल गोल फिरत असायची, हात कधी कमरेवर, कधी आडवे पसरलेले, कधी डोक्यावर. घोडा दुडकीला लागला की मी खोगिरावर आपटायची. साहेब एवढंच म्हणायचे, ‘साँस लो बेटा. घोड़ा तुम्हारी साँस सुनता है.’ मला ते बोलणं तेव्हा नुसतं छान वाटायचं. एक दिवस दुडकीत असताना मी लांब श्वास सोडला, पोटऱ्या सैल पडल्या, आणि लंजच्या दोरीला कुणी हात न लावता घोडा दुडकी सोडून साध्या चालीवर आला. साहेब काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी लगाम माझ्या हातात दिला.

माशी बसली तरी घोडा तेवढीच कातडी थरथरवतो, हे तुम्ही पाहिलं असेल. त्या पाठीवर तुम्ही बसणार आहात. तुमचं प्रत्येक दचकणं, प्रत्येक आवळलेली मांडी त्याला कळते, आणि यातलं मुद्दाम काय आणि चुकून काय हे त्याला ओळखता येत नाही. म्हणून आधी शरीरातला गोंगाट बंद करायचा. मांड पक्की झाली की हाताला तोल सावरायचं काम उरत नाही, आणि मगच तो घोड्याच्या तोंडाशी हलकेपणानं बोलू शकतो. ज्याला लगामाला लटकून तोल सावरावा लागतो त्याच्या हातात लगाम देणं म्हणजे घोड्याचं तोंड त्याच्या हवाली करणं. त्यामुळे पहिल्याच दिवशी लगाम हातात देऊन ‘चला, पळवा’ म्हणणारी जागा दिसली तर तिथून परत फिरा.

जागा निवडताना मैदानाआधी पागा बघा. घोड्यांच्या ओठांचे कोपरे फाटलेले नाहीत ना, मानेच्या मुळाशी आणि तंगाच्या, म्हणजे खोगीर आवळायच्या पोटपट्ट्याच्या, जागी फोड नाहीत ना, पाणी भरलेलं आहे ना, खूर वेळेवर कापलेत का. मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा माणूस, खरारा करायला आत शिरल्यावर घोडा कान मागे पाडतो की मान पुढे करतो, ते नक्की पाहा. मोतद्दाराला घोड्यांविषयी प्रश्न विचारा. कोणता घोडा कशानं बुजतो, कोणाला चंदी जास्त झाली की मस्ती येते, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं. शिकायला तुम्हाला बहुधा रेसकोर्सवरून निवृत्त झालेला थरोब्रेड मिळेल, कधी मारवाडी किंवा काठियावाडी. जातीचा आग्रह नको. सुरुवातीला म्हातारा, शहाणा घोडा मिळाला तर नशीब समजा. सामानाचं म्हणाल तर हेल्मेट स्वतःचं आणि चांगल्या प्रतीचं घ्या, बुटाला लहानशी टाच असू द्या. बाकी खरेदी वर्षभर लांबवली तरी चालेल. खोगिरासकट ओझं घोड्याच्या वजनाच्या पाचव्या भागाहून जास्त असू नये, असा साधारण दंडक आहे.

पुढचा क्रम जर्मन घोडदळातून आलेला आहे आणि जगभर तोच चालतो: आधी लय, मग मोकळेपणा, मग लगामाशी जुळलेलं हलकं नातं, मग जोर, सरळपणा आणि सगळ्यात शेवटी मागच्या पायांवर जास्त भार घेऊन सावरून गोळा होणं. मान कमानीसारखी दिसणं हे त्या शेवटच्या पायरीचं आपसूक येणारं फळ आहे. लोकांना फळच आधी हवं असतं. मलाही एकदा हवं होतं, आणि तो हिशेब मी अजून विसरलेले नाही.

राजा नावाचा कुमैत, म्हणजे तपकिरी अंगाचा आणि काळ्या आयाळीचा, थरोब्रेड होता, सात वर्षांचा, रेसकोर्सवरून आलेला. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची. एका स्पर्धेला सहा आठवडे उरले होते आणि राजा मान खाली घेत नव्हता. रेसच्या घोड्याला लगाम ताणला की जास्त जोरानं पळायचं एवढंच ठाऊक असतं, हे मला माहीत होतं. तरी घाई केली. ड्रॉ रेन्स लावले. तंगाकडून कडीतून फिरून हातात येणारा तो जादाचा पट्टा, त्यानं मान ओढून खाली आणता येते. दहा दिवसांत राजाची मान चित्रातल्यासारखी वळली. फोटो फार सुंदर आले. रिसालदार साहेब बघायला आले, दोन फेऱ्या त्यांनी गप्प उभं राहून पाहिल्या आणि म्हणाले, ‘गर्दन तो ले आई. घोड़ा कहाँ है?’

मग त्यांनी मला राजाच्या पावलांकडे बघायला सांगितलं. घोड्याची साधी चाल चार ठोक्यांची असते, चारही पाय वेगवेगळे पडतात. राजाची चाल मोडली होती. एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकदम पडत होते, उंटासारखे. पाठ आखडली की हे होतं. साधी चाल बिघडवायला सगळ्यात सोपी आणि दुरुस्त करायला सगळ्यात अवघड, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. स्पर्धा सोडली. पुढचं दीड वर्ष आम्ही मुख्यतः चाललोच. उसाच्या शेतांकडेनं, कालव्याच्या बांधावरून, चढ-उतारावर, लगाम लांब सोडून. एका सकाळी चढावर त्यानं नाक फुरफुरवलं, पाठ माझ्याखाली झुल्यासारखी हलायला लागली आणि चारही ठोके वेगवेगळे ऐकू आले. मी तिथेच उतरले आणि त्याच्या मानेला बिलगून रडले. राजा तेवीस वर्षांचा होऊन गेला. शेवटपर्यंत माझ्या विद्यार्थ्यांना लय तोच शिकवायचा.

वेळ किती लागेल हेही तुम्ही मनात म्हणाला असाल. आठवड्यातून तीनदा बसलात तर मांड जरा स्थिर व्हायला वर्ष धरा. घोड्याची बाजू बघितली तर तीन-चार वर्षांचा असताना त्याला सवारीची ओळख करून देतात, आणि सर्वोच्च पातळीवर, ग्राँप्रीत, आठ वर्षांच्या आतला घोडा उतरवायला नियमानंच मनाई आहे. एवढी वर्षं त्याचे स्नायू घडायलाच जातात. स्पर्धेत उतरावंसं वाटलं तर तीही मजा आहे. 20 बाय 60 मीटरचं मैदान, कुठे काय करायचं ते कळावं म्हणून कडेनं अक्षरं, प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण, आणि बोलून घोड्याला काही सांगितलं तर गुण कापतात. सुरुवातीच्या टेस्टमध्ये तुमच्याकडून चार पायांवर चौकोनी, शांत उभं राहणं आणि गोल दिसेल असं वर्तुळ एवढंच मागतात. ते वर्तुळ अंड्यासारखं का होतंय हे शोधण्यात माझे कित्येक विद्यार्थी दोन-दोन वर्षं रमलेत.

पहिल्या दिवसासाठी एक काम देऊन ठेवते. लंजवर घोडा साध्या चालीत असताना डोळे मिटा. तुमच्या बैठकीची दोन हाडं आळीपाळीनं खाली जाताना जाणवतील. डावं हाड खाली जातं आणि घोड्याचं पोट उजवीकडे झुलतं, तेव्हा त्याचा मागचा डावा पाय पुढे येत असतो. तो क्षण आला की दर वेळी मोठ्यानं ‘डावा’ म्हणा. बरोबर येतंय का, ते मधे उभा असलेला प्रशिक्षक सांगेल. आधी सगळं चुकेल, मग दहात तीन बरोबर येतील. दहापैकी दहा आले की मला कळवा, लगाम कसा धरायचा ते तेव्हा सांगेन.